सिद्धरस कथा आणि प्रेक्षकाचे येणे

एखादा चित्रपट फसला, असे प्रेक्षक निर्विकारपणे म्हणू शकतो. तिकिटाचे पैसे आणि तीन तास ह्यांपलीकडे त्याचे काही गेलेले नसते. पण लहानपणापासून प्रिय असलेल्या अद्भुतकथेचा नवा अवतार फसतो तेव्हा त्याची भाषा बदलते. चित्रपट 'फसला' असे तो म्हणत नाही. आपल्याला 'फसवले' असे म्हणतो. क्रियापदाच्या ह्या प्रयोजक रूपात एक कर्ता आणि एक पीडित गृहीत धरलेला आहे. आपले काही येणे होते आणि ते बुडवले गेले, असा तो दावा आहे. मराठी समीक्षेने हा दावा फारसा गंभीरपणे घेतलेला दिसत नाही. चाहत्यांचा हळवेपणा किंवा स्मरणरंजन म्हणून तो बाजूला सारणे सोपे जाते. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद अशा ज्या दोन ध्रुवांची मांडणी केली, त्यांपैकी दुसऱ्या ध्रुवावर उभे राहिल्यास ह्या तक्रारीला अर्थच उरत नाही. कलाकृती स्वायत्त असेल, तर ती कोणाचे काही लागत नाही. पहिल्या ध्रुवावरून पाहिल्यास मात्र प्रश्न खरा ठरतो: आधीच प्रिय असलेली कथा पुन्हा सांगणारा प्रेक्षकाचे नेमके काय लागतो?

ह्या प्रश्नाचा विचार नाशिकच्या संदर्भात करण्यास सबळ कारण आहे. भारतीय चित्रपटातील अद्भुताचा बराचसा आरंभ ह्या परिसराशी निगडित आहे. त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके ह्यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) मुंबईत केला खरा, पण त्यानंतर लगेच त्यांनी आपले बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलवला. 'मोहिनी भस्मासुर', 'लंकादहन' (१९१७), 'श्रीकृष्णजन्म' (१९१८) आणि 'कालियामर्दन' (१९१९) हे चित्रपट त्या काळातले. शिवाय हे गाव स्वतःच रामकथेचा एक भाग आहे. पंचवटी, तपोवन, सीतागुंफा, रामकुंड ही येथे पत्त्यात लिहिण्याची नावे आहेत, आणि शूर्पणखेच्या नासिकेवरून गावाचे नाव पडले ही लोकव्युत्पत्ती शाळकरी मुलालाही ठाऊक असते. अशा गावात बसून हनुमंताचे उड्डाण पडद्यावर दाखवणारा माणूस 'कल्पनारम्य' असे काही करत नव्हता. तो लोकांच्या रोजच्या भूगोलाला हालचाल देत होता.

फाळक्यांनी 'नवयुग'मधील आपल्या लेखांत नमूद केलेली हकीकत सर्वश्रुत आहे. मुंबईत ख्रिस्तचरित्रावरचा चित्रपट पाहताना त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या येऊ लागली. ह्या प्रसंगाकडे राष्ट्रीय उद्योगाच्या उगमाची कथा म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी येथे महत्त्वाची ठरते. भारतीय अद्भुतपट प्रेक्षकाच्या मनात आधी तयार झाला आणि मग पडद्यावर आला. पहिला प्रेक्षक खुद्द फाळके होते. म्हणजे ज्या 'मूळ' कृतीशी तुलना करून नव्या अवताराला नापास केले जाते, ती मूळ कृतीही आधीच्या एका अपेक्षेचीच पूर्तता होती.

अशा कथांसाठी संस्कृत काव्यशास्त्रात एक नेमकी संज्ञा आहे. 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्द्योतात आनंदवर्धन रामायणादी कथांना सिद्धरस म्हणतो आणि त्यांच्यात रसविरोधी अशी स्वतःची मर्जी घुसडू नये असे बजावतो. अभिनवगुप्ताचे स्पष्टीकरण असे की ह्या कथांत रस नव्याने निर्माण करायचा नसतो, केवळ आस्वादायचा उरलेला असतो. 'अभिनवभारती'त तो आणखी पुढे जातो. रसास्वादाच्या विघ्नांत त्याने पहिले स्थान दिले आहे ते संभाव्यतेच्या अभावाला. जे घडू शकते असे वाटतच नाही, त्यात मन रुजत नाही. मग समुद्रलंघनासारख्या लोकोत्तर कृत्यांचे काय करायचे? त्याचे उत्तर असे, की म्हणूनच अशा ठिकाणी रामादिकांची प्रख्यात नावे घ्यायची. अखंड प्रसिद्धीतून मनात खोल रुजलेला प्रत्यय असंभाव्यालाही वाट करून देतो.

ह्या विधानाकडे केवळ नाट्यनिर्मितीची युक्ती म्हणून पाहू नये. त्यात एक व्यवहार वर्णिलेला आहे. हनुमान उडाला ह्यावर प्रेक्षक विश्वास ठेवतो, तो नटाच्या किंवा दिग्दर्शकाच्या पुण्याईवर नव्हे. तो विश्वास शेकडो वर्षे कीर्तनकारांनी, आजीबाईंनी, दशावतारी खेळांनी आणि पोथ्या लावणाऱ्यांनी साठवलेला असतो. चित्रपटकर्ता तो उसना घेतो. इतर कोणत्याही कथेत जे कमवावे लागते ते त्याला येथे आयते मिळते. उसने घेतलेल्याचे काही दायित्व असते एवढे मान्य केले, तर 'फसवले' हा शब्द अतिशयोक्त ठरत नाही.

हे दायित्व कशाचे? मूळ संहितेशी एकनिष्ठ राहण्याचे, असे उत्तर पटकन दिले जाते आणि ते चुकीचे आहे. मराठी परंपरेत रामकथेचे पुनःकथन हा अपवाद नव्हे, नियम आहे. मोरोपंतांच्या नावावर अष्टोत्तरशत रामायणे सांगितली जातात. त्यांतल्या काहींचे प्रयोजन भाषिक कसरतीचे आहे, तरी त्यांना कोणी द्रोही म्हटले नाही. गदिमा आणि सुधीर फडके ह्यांचे 'गीतरामायण' १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आले, ते तर नव्या माध्यमातले सर्वस्वी नवे रूप होते. पूर्वरंगानंतर तेच आख्यान दरवर्षी ऐकणारा श्रोता कीर्तनकाराकडे नवे दृष्टान्त मागतो, जुनी कथा नव्हे. नवेपणा हा गुन्हा असता तर ही परंपराच उभी राहिली नसती.

शिवाय ज्याच्याशी एकनिष्ठ राहायचे ते मूळ सापडते कोठे? 'राजा हरिश्चंद्र'ची जी रिळे आज शिल्लक आहेत ती १९१३ च्या चित्रपटाची नसून फाळक्यांनीच १९१७ मध्ये केलेल्या पुनर्निर्मितीची आहेत, असे काही चित्रपट-इतिहासकारांचे मत आहे. ते ग्राह्य धरले तर भारतीय चित्रपटाचा आद्यग्रंथ म्हणून जे दाखवले जाते तो स्वतःच एक नवा अवतार ठरतो, आणि त्यावर कोणाचाही अपेक्षाभंग झालेला दिसत नाही.

दायित्व तंत्राच्या सफाईचेही नाही. रामानंद सागर ह्यांची 'रामायण' मालिका (१९८७-८८) तांत्रिकदृष्ट्या तिच्या काळातही ओबडधोबड होती. आकाशात समोरासमोर येऊन विझणारे बाण ही पुढे थट्टेची गोष्ट झाली. तरीही मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात दूरदर्शनने ती पुन्हा दाखवली तेव्हा प्रचंड प्रेक्षक तिच्याकडे वळला. त्यात घरात अडकलेल्यांची असहायता होती, आईवडिलांच्या आठवणी होत्या, हे खरे. पण १९८८ नंतर जन्मलेले लोकही बसून ती पाहत होते. उलट त्याच संस्थेने २००८ मध्ये अधिक साधनसामग्रीनिशी केलेली 'रामायण' मालिका तितकी स्मरणात राहिली नाही.

येथे फाळक्यांकडे परत जाणे उपयुक्त ठरेल, कारण तंत्र आणि विश्वास ह्यांच्यातील नात्याचा त्यांनी केलेला विचार आजच्या पुष्कळ निर्मात्यांपेक्षा प्रौढ होता. 'कालियामर्दन'मध्ये कृष्णाची भूमिका त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी हिने केली. चित्रपटाच्या आरंभीच ही मुलगी मुलगी म्हणूनच समोर येते आणि कॅमेऱ्याकडे पाहत निरनिराळे मुखभाव करून दाखवते. मग तीच कृष्ण होते. म्हणजे हा अभिनय आहे, ही आमच्या घरातली पोर आहे, हे आधी उघड सांगितले जाते आणि त्यानंतर विश्वास मागितला जातो. 'लंकादहना'तही अण्णा साळुंके हे एकच नट राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका करत होते. चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा एक लघुपटही फाळक्यांनी १९१७ मध्ये केला होता. हातचलाखी लपवण्याची धडपड त्यांना नव्हती. जादूगार म्हणून त्यांनी स्वतः प्रयोगही केले होते. पत्ते उघड टाकूनही राम पडद्यावर आला की प्रेक्षक पादत्राणे काढत, अशी आठवण पुढे सांगितली गेली. आख्यायिकेचा अंश वजा केला तरी एक गोष्ट उरते: भ्रम उघड झाल्याने श्रद्धा मोडली नाही. ती भ्रमावर उभी नव्हतीच. ज्याने ही कथा मांडली त्याला स्वतःला ती गंभीर वाटते, ह्या जाणिवेवर ती उभी होती. गंभीर म्हणजे भाविक असे नव्हे. आपण मागतो आहोत तो विश्वास आपल्यालाही द्यावा लागेल, एवढाच त्याचा अर्थ.

ह्या निकषावर ओम राऊत दिग्दर्शित 'आदिपुरुष' (१६ जून २०२३) तपासून पाहता येईल. त्याची पहिली झलक २ ऑक्टोबर २०२२ रोजी अयोध्येत दाखवली गेली, तेव्हाच संगणकीय दृश्यांवर टीका झाली आणि प्रदर्शन लांबणीवर पडले. प्रदर्शित झाल्यावर मात्र टीकेचा रोख संवादांकडे वळला. लंकादहनाच्या प्रसंगी हनुमंताच्या तोंडी घातलेली गल्लीतली भाषा प्रेक्षकांना सर्वांत जास्त लागली, आणि काही दिवसांतच निर्मात्यांनी ते संवाद बदलले. वरवर पाहता हा औचित्यभंगाचा सरळ मामला वाटतो: थोर पात्राच्या तोंडी हलकी भाषा. पण तसे म्हणणे मराठी वाचकाला तरी परवडणारे नाही. एकनाथांच्या 'भावार्थरामायणा'तला मारुती रावणाच्या सभेत शेपटीचा जो धुमाकूळ घालतो त्यात बोलीची मजा, टवाळी, पोरकटपणा सारे काही आहे. तेथे रसभंग होत नाही. कारण नाथ स्वतः त्या हसण्यात सामील आहेत, आणि हसणे रावणाच्या ऐश्वर्याला आहे. चित्रपटातली भाषा कोठून आली? संवादलेखकाने जाहीरपणे दिलेले स्पष्टीकरण असे होते की ती अनवधानाने नव्हे, विचारपूर्वक, आजच्या प्रेक्षकाला कळावी म्हणून सोपी केली आहे. प्रेक्षकाला ह्याहून वरचे झेपणार नाही, हा हिशेब त्यामागे आहे. प्रत्येक चित्रपटगृहात हनुमंतासाठी एक आसन रिकामे ठेवण्याची घोषणाही निर्मात्यांनी केली होती. रिकाम्या खुर्चीला मान आणि भरलेल्या खुर्च्यांबद्दल असा अंदाज, ह्या विसंगतीतच दुखावल्या गेलेल्या प्रेक्षकाची तक्रार सामावलेली आहे. त्याच्या विश्वासावर चित्रपट उभा राहिला, पण त्या विश्वासाची पातळी मात्र परस्पर ठरवली गेली. नैतिक भाषेत ह्याला अवमान म्हणतात.

अर्थात तक्रार खरी असणे वेगळे आणि तक्रार करणाऱ्याला कथेची मालकी मिळणे वेगळे. ह्या चित्रपटाच्या लेखकाला पोलीस संरक्षण द्यावे लागले, प्रकरण न्यायालयात गेले. अपेक्षाभंगाचे दुःख येथे दंडाची मागणी करू लागले. पाश्चात्त्य चाहत्यांचा वाद ह्याहून निराळा आहे. जॉर्ज ल्यूकस ह्यांनी १९९७ मध्ये आपल्याच 'स्टार वॉर्स' चित्रपटांत फेरफार केले आणि १९९९ मध्ये पूर्वकथा आणली, तेव्हा चाहते चिडले ते एका हयात कर्त्यावर. वाद कर्त्याचा हक्क मोठा की प्रेमाचा, असा होता. रामकथेला तसा कर्ता नाही. वाल्मीकीही तिचा एक सांगणाराच, असे परंपरा मानत आली. त्यामुळे येथे मालकीचा दावा करणारा प्रेक्षक 'आमचा राम' असे म्हणतो, आणि हे बहुवचन कोणाचे ते सांगत नाही.

नाशिकला हा प्रश्न अमूर्त नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो सत्याग्रही बंद दरवाज्यांपुढे बसले. दरवाजे लावून घेणाऱ्यांचीही भाषा दुखावल्या गेलेल्या भक्तीचीच होती. १९३५ मध्ये, ह्याच जिल्ह्यातील येवल्याला, आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. अभिनवगुप्ताची 'अखंड प्रसिद्धी' सर्वांपर्यंत पोहोचली होती; तिचा आस्वाद घेण्याचा अधिकार मात्र सर्वांना सारखा नव्हता. म्हणून नव्या अवताराने दुखावलेल्या प्रेक्षकाला जाब विचारता येतो. पण राम कोणी कसा सांगावा ह्याची परवानगी देण्याचे काम त्याच्याकडे येत नाही.

फाळक्यांच्या वाट्यालाही अपेक्षाभंग आला, आणि तो दुसऱ्या बाजूने. त्यांचा अखेरचा चित्रपट 'गंगावतरण' (१९३७) कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला बोलपट होता. त्याच्या काही महिने आधी प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) आला होता. त्यातही विमान आकाशातून उतरते, पण जिजाईच्या संसाराच्या कटकटीतून वाट काढत चमत्कार तेथपर्यंत पोहोचतो. अद्भुताच्या जनकाकडे ते नवे मिश्रण नव्हते. त्यांनी पुन्हा चित्रपट दिग्दर्शित केला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. 'गंगावतरणा'ने कोणाचा अवमान केल्याचे मात्र कोणी म्हटले नाही. ते केवळ फसले.

युगो साको आणि राम मोहन ह्यांचा १९९२ चा जपानी-भारतीय रामायण-चित्रपट ह्या संदर्भात लक्षात घ्यावा लागतो. परकीयाने, तेही हलत्या चित्रांतून, राम रंगवावा ह्याला निर्मितीच्या आरंभी भारतात विरोध झाला होता. साको ह्यांच्याजवळ वारशाने मिळालेले काही नव्हते. जे होते ते त्यांना मिळवावे लागले. जानेवारी २०२५ मध्ये तो चित्रपट भारतातील चित्रपटगृहांत पुन्हा लागला, तेव्हा नव्या रामायणपटांवर नाराज असलेल्या प्रेक्षकांपैकी अनेकजण 'खरे रामायण' म्हणून त्याच्याकडे बोट दाखवू लागले.