लिथियमची ओढ

वृत्ती मारावी की वळवावी, याचं उत्तर मला रसायनशास्त्र शिकवताना मिळत गेलं. सोडियम आम्ही रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचो. लिथियम रॉकेलवरही तरंगतं, म्हणून त्याला व्हॅसलीनचा लेप. बाहेरचा एकुलता एक इलेक्ट्रॉन देऊन टाकण्याची त्याची ओढ विलक्षण.

ही ओढ वळवण्याची गरज सोबत नेता येणाऱ्या संगणकांना पडली. १९८१चा ऑस्बोर्न संगणक उचलून नेता येई, पण वजन ११ किलो आणि वीज भिंतीतली. १९८९च्या मॅकिंटॉश पोर्टेबलमध्ये शिसं-आम्लाची बॅटरी आली. तोही ७ किलोंचा. हलकं लिथियम सगळ्यांना हवं होतं. पण शुद्ध धातू वापरला की चार्जिंगमध्ये त्याचे काटे वाढत, आतल्या आत शॉर्टसर्किट होई, आग लागे. १९८५च्या सुमारास रसायनशास्त्रज्ञ अकिरा योशिनोंनी तो धातूच वगळला. त्यांच्या बॅटरीत शास्त्रज्ञ गुडइनफ यांच्या कोबाल्ट ऑक्साइडमधले लिथियम आयन कार्बनच्या थरांत शिरतात, परततात; इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून काम करत जातो. १९९१मध्ये सोनीने ही बॅटरी बाजारात आणली. माझा लॅपटॉप तिच्याच वंशातल्या बॅटरीवर चालतो.

लिथियमची ओढ इथे कुणी मारली नाही. ती गेली तर बॅटरीच संपली. वृत्ती मारायला माझ्या आजीने उपासतापासांत देह झिजवला. तिच्या निग्रहाबद्दल मला आदर आहे, तरी राग, हाव, माया यांना जायला जागा आणि परतायला वाट ठेवणं मला अधिक धर्माचं वाटतं. पहाराही हवाच. लॅपटॉपच्या बॅटरीत त्यासाठी एक सर्किट असतं. मर्यादा आली की ते चार्जिंग तोडतं.