निराश्रितास घरी आणणे

शास्त्रपाठ : यशया ५८:७



उपास करणाऱ्यांस संदेष्टा येथे दोन गोष्टी सांगतो : भुकेल्यास आपल्या अन्नातून वाटा द्यावा, आणि निराश्रितास आपल्या घरी आणावे. पहिली गोष्ट आम्ही करितो. दुसरी करितो काय?

पंडिता रमाबाईंचे चरित्र पाहा. दुष्काळात आईबाप गमावल्यावर त्या व त्यांचे बंधु श्रीनिवास निराधार होऊन शेकडो कोस पायी हिंडले. पुढे १८९६-९७ साली तेव्हाच्या मध्यप्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या. धान्य वाटून परतल्या असत्या तरी त्यांस कोणी दोष दिला नसता. परंतु त्यांनी अनाथ मुली व विधवा यांस सोबत आणिले, आणि केडगाव येथे त्यांस निवारा, विद्या व हातास उद्योग दिला.

आमच्या उपासनामंदिराच्या ओट्यावर एक कुटुंब निजत असे. आम्ही त्यांस भाकरी दिली. परंतु रविवारी ओटा स्वच्छ दिसावा म्हणून शनिवारी त्यांस उठविले. त्यांचे नावही विचारिले नाही. ज्या प्रभूला स्वतःस निजावयास ठिकाण नव्हते (लूक ९:५८), त्याच्याच दारातून ते गेले. हे लिहिताना आम्हांस लाज वाटते.

यास्तव अशा मनुष्यास उठविण्यापूर्वी त्याजजवळ बसावे, त्याचे नाव विचारावे. आणि मंडळीच्या पंचांनी त्याच्या निवाऱ्याची, कामाची व लेकरांच्या शाळेची सोय पाहावी. प्रभु आम्हांस क्षमा करो, व आमची दारे उघडो. आमेन.