टेम्प कोणाचा?

उभा राहा. आणि आधी ते 'सर, कंपायलरच चुकतोय' बंद कर. कंपायलरने तू लिहिलंस तेच केलं.

विरारला गाडीत चढायचं, वसई रोड येईपर्यंत दुसऱ्याचं जर्नल उतरवून काढायचं, मग समजून घ्यायला वेळ मिळणार कधी? ये इकडे, फळ्यावर लिही. तुझ्या पार्टनरने तापमानासाठी टेम्प हे नाव ठेवलं, त्यात ३१. वायमध्ये २८. तुझ्या स्वॅप मॅक्रोच्या आतही इंट टेम्पच. आता टेम्प आणि वाय देऊन मॅक्रो उलगड. पहिली ओळ काय झाली? इंट टेम्प बरोबर टेम्प! आतल्या टेम्पने बाहेरचा झाकला आणि स्वतःतलाच कचरा स्वतःत भरला. पुढे त्यात वायचे २८ आले, तेच २८ परत वायमध्ये गेले. बाहेरचे ३१ जागचे हललेसुद्धा नाहीत. ना एरर, ना क्रॅश. अदलाबदल झालीच नाही आणि तुम्ही दोघं दुपारभर सॉर्टिंगचा लूप तपासत बसलात!

डू-व्हाइल लावलंय म्हणून सांगू नकोस. त्याने इफ-एल्स सांभाळलं जातं, नावांची टक्कर टळत नाही. कंसांनीही टळत नाही. प्रीप्रोसेसरला स्कोप कळत नाही, तो फक्त शब्द बदलतो. स्कीमवाल्यांनी हायजिनिक मॅक्रोचा मार्ग १९८६ मध्येच मांडला. सीमध्ये ती सोय आजही नाही, म्हणून काळजी तुलाच घ्यायची आहे.

नावापुढे अंडरस्कोर जोडलास की सुटलास, असंही समजू नकोस. एका मॅक्रोने आपलं स्थानिक व्हेरिएबल दुसऱ्या मॅक्रोला दिलं आणि तिथेही तेच नाव निघालं, की पुन्हा हाच घोळ. लिनक्स कर्नलच्या मिन-मॅक्समध्ये त्यासाठीच दर विस्ताराला काउंटरमधून नवं नाव तयार करतात. तुला एवढा खटाटोप हवाय कशाला? सी-९९ पासून इनलाइन फंक्शन आहे. दोन पॉइंटर घे, प्रश्नच मिटतो. टाइप बदलला तर दुसरं फंक्शन लिही. हात झिजत नाहीत.

डोकं आहे तुला, म्हणून जास्त राग येतो. जा, जीसीसीला मायनस कॅपिटल ई देऊन विस्तार स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मग मायनस डब्ल्यू-शॅडो लाव, नुसत्या डब्ल्यू-ऑलमध्ये ती वॉर्निंग येत नाही. ती वॉर्निंग वाचून, मॅक्रो खोडून, फंक्शन लिहून आण. तोवर जर्नलवर सही मिळणार नाही.