झाकलेले नाव आणि आस्वादाचा न्याय

आस्वादाचा निर्णय आणि आस्वाद्य वस्तूचे नाव यांचा संबंध कोणत्या स्वरूपाचा असतो, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राइतकाच नीतिशास्त्राचाही आहे. स्कॉच व्हिस्कीच्या शौकिनांमध्ये रूढ असलेली एक पद्धत त्याच्या विवेचनास उपयोगी पडते. बाटल्या झाकून ठेवतात, पेल्यांना केवळ क्रमांक देतात. वास, चव आणि घोटानंतर रेंगाळणारी चव यांच्या आधारे प्रत्येकाने आपला अभिप्राय नोंदवायचा असतो. काही ठिकाणी पेलेही गडद रंगाचे वापरतात. कारण स्कॉचमध्ये रंगासाठी साधे कॅरॅमल मिसळण्यास कायद्याने मुभा आहे, आणि गडद रंग पाहून व्हिस्की अधिक जुनी असल्याचा ग्रह सहज होतो. अशा पद्धतीने प्रस्थापित प्रतिष्ठेला धक्का बसू शकतो. १९७६ मध्ये पॅरिस येथे फ्रेंच परीक्षकांनी नावे न कळता वाइन चाखल्या, तेव्हा पांढऱ्या आणि तांबड्या अशा दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाच्या वाइनला पहिले स्थान मिळाले.

साहित्यसमीक्षेला ही पद्धत अपरिचित नाही. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमधील विद्यार्थ्यांना कवींची नावे न देता कविता वाचावयास दिल्या आणि त्यांच्या अभिप्रायांचे विश्लेषण १९२९ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. भारतीय काव्यशास्त्रातही या भूमिकेला आधार सापडतो. अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात रसविघ्नांमध्ये विशिष्ट देश व काळ यांचा आवेश हे एक विघ्न आहे. नाव झाकणे म्हणजे हे विघ्न दूर करणे, असे म्हणता येईल. नावाच्या दडपणाने दिलेला निर्णय हा खरे तर निर्णयच नव्हे. ती केवळ मान तुकवणे असते. म्हणून झाकलेल्या नावाचा आग्रह हा मूलतः न्यायाचा आग्रह आहे.

परंतु हा न्याय कितपत पुरा पडतो? ह्यूमने रसिकतेच्या निकषावरील आपल्या १७५७ च्या निबंधात ‘डॉन किहोटे’मधील एक कथा वापरली आहे. दोघे जाणकार एकाच पिंपातील वाइन चाखतात. एकाला तिच्यात चामड्याची चव लागते, दुसऱ्याला लोखंडाची. लोक हसतात, पण पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याच्या वादीला बांधलेली किल्ली सापडते. जिभेची सूक्ष्मता या कथेने सिद्ध होते. मात्र चामडे आणि लोखंड ओळखू येण्यासाठी त्या चवी आधी परिचित असाव्या लागतात, ही गोष्ट कथेत गृहीत धरलेली आहे. अभिनवगुप्ताचा सहृदयही असाच घडलेला आहे: काव्याच्या अनुशीलनाने त्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झालेला असतो. प्रश्न उरतो तो असा की, हे अनुशीलन कोणत्या काव्याचे?

समजा, जळगाव-धुळ्याकडील काही शौकिनांनी मांडलेल्या स्कॉचच्या ओळीत सातपुड्याच्या पायथ्याशी मोहाच्या फुलांपासून गाळलेल्या दारूचा एक पेला क्रमांक देऊन ठेवला. ओक लाकडाच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरलेल्या मद्यावर पोसलेली जीभ त्या पेल्याला बहुधा ‘सदोष’ ठरवील. पेल्यावर नाव नाही, पण चाखणाऱ्याच्या जिभेवर ते आहे. वस्तूचे नाव झाकले, तरी निकषाचे नाव झाकले जात नाही. आणि पद्धत निःपक्षपाती असल्यामुळे तो निर्णय आता पक्षपाती म्हणूनही नाकारता येत नाही. ज्या वस्तूचा निकष परीक्षकांनी आत्मसातच केलेला नाही, तिच्यावर हा अन्याय दुहेरी असतो.

साहित्यात या पेचाचे सर्वांत बोलके उदाहरण खानदेशातीलच आहे. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहितावाचता येत नव्हते. आप्तांनी उतरवून घेतलेल्या त्यांच्या कविता १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाल्या. आज जळगावचे विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांची कविता नाव न देता वाचावयास दिली, तर काय घडेल? एक लाभ निश्चित आहे. ‘निरक्षर असूनही’ या शब्दांत दडलेली कृपादृष्टी गळून पडेल. कौतुक व्हायचे तर ते कवितेचे होईल. मात्र नाव झाकल्याने कवितेचे मूळ झाकले जात नाही. लेवा बोलीची वळणे आणि शेत, विहीर, जाते यांच्याशी असलेले नित्याचे नाते हे कवितेवर चिकटवलेले लेबल नव्हे, तो तिचा धातू आहे. आयला बेटावरील व्हिस्कीत पीटचा धूर असतो तसा. त्या बोलीकडे ‘अशुद्ध’ म्हणून पाहण्याची सवय लागलेला वाचक नाव न कळताही तोच जुना निवाडा देईल.

तेव्हा नाव झाकणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. त्याने प्रतिष्ठेचा अधिकार निलंबित होतो. रसिकाचे घडणे मात्र निलंबित होत नाही, आणि तसे होऊही नये, कारण न घडलेल्या जिभेला चवच नसते. म्हणून आस्वादाची नैतिक कसोटी पहिल्या घोटापेक्षा दुसऱ्या घोटात आहे, म्हणजे कापड दूर झाल्यानंतरच्या. नाव कळल्यावर निर्णय बदलला, तर तो नावापुढे झुकला की नावामुळे काही नव्याने जाणवले? बदलला नाही, तर तो ठामपणा आहे की बधिरपणा? या प्रश्नांची उत्तरे परीक्षकाने स्वतःला द्यावयाची असतात. दोन निर्णयांमधील अंतराचा हिशेब देण्याची तयारी ज्याच्यापाशी नाही, त्याच्या डोळ्यांवरची पट्टी न्यायाची आहे असे मानता येत नाही.