आमटींत कालविलेली गोळी



चौकाहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एखाद्या वाडींतील घर आपण मनापुढें आणूं. थोरला मुलगा दोन वर्षें आजारी आहे. तो रात्रीं निजत नाहीं, एकटाच बोलत बसतो, आणि घरचीं माणसें आपणांस विष घालणार असें त्यास वाटतें. डॉक्टरांनीं दिलेल्या गोळ्या तो थुंकून टाकतो. शेवटीं आई गोळी कुटून त्याच्या आमटींत कालविते. कांहीं दिवसांनीं त्यास झोप लागूं लागते व घर निवांत होतें. या आईनें योग्य केलें काय?

हा प्रश्न एका आईचाच नाहीं. मनोरुग्णांच्या इस्पितळांत रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येक परिचारिकेपुढें तो उभा राहतो. ज्याचें मन आजारी आहे त्याचें अन्न, औषध, दाराची किल्ली, हीं सर्व तिच्या हातीं असतात. इतर रोग्यांच्या परिचारिकेस एवढी सत्ता नसते. म्हणून विचारावयाचें तें असें कीं, दुसऱ्याच्या हिताकरितां त्यास फसविण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला आहे काय?

आईची बाजू आधीं नीट ऐकूं. ती म्हणेल, "तान्ह्या मुलाला कडू औषध मधांत घालून देतोंच ना? माझा मुलगा आज तान्ह्यासारखाच आहे. मी गोळी लपविली नसती तर तो विहिरींत पडला असता." या बोलण्यांत प्रेम आहे, व भयही खरें आहे. जो रात्रभर अशा रोग्याजवळ जागला नाहीं, त्यानें तिला दोष देण्याची घाई करूं नये.

तरी तिचें म्हणणें दोन ठिकाणीं अपुरें पडतें. पहिलें असें कीं, प्रौढ मनुष्य आजारी पडला म्हणजे तान्हा होत नाहीं. सन २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें हें स्पष्ट सांगितलें आहे. रोग्याचा निर्णय इतरांस चुकीचा वाटला, एवढ्यावरूनच त्यास निर्णयशक्ति नाहीं असें ठरत नाहीं. त्यास समजेल अशा भाषेंत माहिती दिली पाहिजे, व त्याची संमति बळजबरी, धमकी किंवा फसवणूक यांवांचून मिळाली पाहिजे. गोळी थुंकणाऱ्यास कारण विचारलें तर पुष्कळदां तें सांपडतें. त्या गोळीनें हात कांपतात, अंग ताठतें, तोंडांतून लाळ गळते, दिवसा काम सुचत नाहीं. असें कारण कळलें म्हणजे डॉक्टरांस मात्रा कमी करतां येते, औषध बदलतां येतें, किंवा रोग्याच्या संमतीनें पंधरवड्यास अथवा महिन्यास एकदां सुई देतां येते. गोळी लपविली म्हणजे हें कारण विचारण्याची वाटच बंद होते.

दुसरें याहून गंभीर आहे. ज्यास अन्नांत कांहीं घातलें जातें असा भ्रम आहे, त्याच्या अन्नांत आपण खरोखरच कांहीं घालतों. म्हणजे त्याचा भ्रम आपण आपल्या हातानें खरा करून देतों. एके दिवशीं आमटीच्या तळाशीं त्यास पांढरी पूड दिसते. मग तो जेवण टाकतो, औषध टाकतो, आणि ज्या एका माणसावर त्याचा थोडा विश्वास उरला होता त्यासही टाकतो. ती आमटी चुकून धाकट्या भावाच्या ताटांत गेली तर अनर्थ निराळाच. गोळीनें मिळालेली झोप कांहीं रात्रींची असते, परंतु मोडलेला विश्वास जोडावयास वर्षें लागतात.

मग जीव जाण्याची वेळ आली तर काय करावें? कायद्यानें तीही वाट ठेविली आहे. रोग्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवास धोका असेल तर नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करूं शकतो. रोग्याचा नेमलेला प्रतिनिधि जवळ असल्यास त्याची संमति घ्यावी लागते. ज्यास खरोखर निर्णय करतां येत नाहीं, त्यास प्रतिनिधीच्या अर्जावरून व तपासणीनंतर प्रथम ३० दिवसांपर्यंत दाखल करतां येतें. हा मार्ग आणि आमटींतील गोळी यांत मोठें अंतर आहे. येथें जें होतें तें उघड होतें, त्याची नोंद होते, त्यास मुदत असते, आणि कोणीतरी त्याचा जाब देतो. सक्ति कधीं कधीं टळत नाहीं. पण लपविलेल्या सक्तीस कोणी जाब विचारूं शकत नाहीं, हाच तिचा दोष.

बांधून ठेवण्यासही हाच न्याय लागू आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजीं तामिळनाडूंतील एरवाडी येथें मनोरुग्णांच्या एका निवाऱ्यास आग लागली. तेथील रोगी साखळ्यांनीं बांधलेले असल्यामुळें पळूं शकले नाहींत, व २८ जण मेले. आज कायद्यानें कोणत्याही प्रकारें साखळी घालणें व एकान्तांत कोंडणें यांस मनाई आहे. तात्काळ होणारी इजा टाळण्यास दुसरा उपायच नसेल, तेव्हांच मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीनें, लागेल तेवढाच वेळ रोग्यास धरून अगर बांधून ठेवतां येतें. शिक्षा म्हणून किंवा माणसें कमी आहेत म्हणून तसें करतां येत नाहीं. थकलेल्या परिचारिकेस हें शेवटचें वाक्य कठीण वाटेल. परंतु तें नेमकें तिच्या थकव्यासाठींच लिहिलें आहे.

आपल्या भागांत डॉक्टरांआधीं भगताकडे जाण्याची चाल आहे. त्याबद्दल हंसणें उपयोगाचें नाहीं. ज्या आईचा उपहास झाला ती पुन्हां दवाखान्याची पायरी चढत नाहीं. मात्र भूत काढण्याच्या निमित्तानें दोरीनें बांधणें, काठीनें मारणें, मिरचीची धुरी देणें हा महाराष्ट्रांत सन २०१३ च्या कायद्यान्वयें गुन्हा आहे. श्रद्धेचा मान राखावा, परंतु रोग्याच्या अंगावर वळ उठूं देऊं नयेत.

आदर ठेवून सेवा कशी होते, याचें उदाहरण आपल्या जवळच आहे. डॉ. भरत वाटवानी व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनीं सन १९८८ त श्रद्धा पुनर्वसन संस्था काढली. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांस ती आसरा व उपचार देते, आणि बरें वाटल्यावर घरीं पोहोंचविते. सन २००६ पासून तिचें केंद्र कर्जत येथें आहे, आणि सन २०१८ त डॉ. वाटवानींस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या कामाचा विचार करा. मनुष्य दूर प्रांतांतून आलेला, केस जटा झालेले, नांव सांगत नाहीं. त्यास गोळी देणें सोपें. पण त्यास घरीं पोहोंचवावयाचें तर त्याच्याच तोंडून गांवाचें नांव निघालें पाहिजे. आणि ज्याच्यावर विश्वास नाहीं त्यास कोणी आपलें गांव सांगत नाहीं. म्हणून तेथें विश्वास हा औषधाएवढाच कामाचा आहे. कबरस्तानांत राहणाऱ्या, साखळ्या तोडणाऱ्या त्या मनुष्याची गोष्ट आपण सर्व जाणतों. त्यास त्याचें नांव विचारण्यांत आलें होतें, व शेवटीं त्यास स्वतःच्या घरीं पाठविण्यांत आलें, हें विसरूं नये.

आतां आपल्या मंडळींविषयीं. एखादें कुटुंब आपल्या मुलाचा आजार उपदेशक बंधूंस विश्वासानें सांगतें. पुढच्या प्रार्थनासभेंत तें नांव मोठ्यानें घेतलें जातें, आणि दुसऱ्या दिवशीं पाणवठ्यावर सर्व गांवांत होतें. हेतु चांगला, पण तोही आमटींतील गोळीसारखाच: रोग्यास न विचारतां त्याच्या भल्यासाठीं केलेला. रोग्याची गोष्ट गुप्त राखणें परिचारिकेस कायद्यानें बंधनकारक आहे. आपणांस तें प्रीतीनें बंधनकारक असावें. नांव घेण्यापूर्वीं त्यास विचारा. तो नको म्हणाला तर मनांतच प्रार्थना करा.

आणि त्या आईस काय सांगावें? तिला दोषी ठरवूं नका. तिच्याबरोबर दवाखान्यांत चला, आणि गोळी कशी दिली तें डॉक्टरांस खरें सांगण्यास धीर द्या. रात्रीं अपरात्रीं सल्ला हवा असेल तर १४४१६ या क्रमांकावर टेली-मानसची सेवा विनामूल्य आहे. मग एके सकाळीं, मुलगा शांत असतां, तिनें गोळी उघड्या तळहातावर ठेवून म्हणावें, "बाळा, हें औषध आहे. घेशील काय?" तो कदाचित् नाहीं म्हणेल. तरी दुसऱ्या दिवशीं तिनें पुन्हां विचारावें.