मोडीच्या भावानं

दिवा मी नऊशे रुपयांना घेतला. कोलकात्याच्या मल्लिकबाजारात, जिथं गाड्यांचे जुने सुटे भाग विकतात, तिथल्या एका आतल्या गल्लीत चाचांचं भंगाराचं दुकान आहे. टेबलावरचा दिवा होता. वर क्रोमची झिलई, सांध्यांना पितळी चक्र्या, आणि टोपी एका बाजूला पिचलेली. चाचांनी आधी लोहचुंबक लावून बघितला, मग कानस घेऊन दांडीच्या खालच्या अंगाला एक बारीक ओरखडा काढला. क्रोमखालून पिवळा रंग दिसला. "दीदी, अंदर पीतल है," ते म्हणाले. तराजूत टाकून बुडातल्या लोखंडाचं वजन त्यांनी अंदाजानं वजा केलं आणि पितळेच्या भावानं हिशेब सांगितला. मी घासाघीस केली नाही. करायला हवी होती, निदान दाखवण्यापुरती.

कारण तोवर मी बुडाखालचं पुसट लेबल वाचलेलं होतं. स्टिलनोव्हो, मिलानो.

मिलानमध्ये 1946 साली सुरू झालेली ही दिव्यांची कंपनी. मला तिची ओळख दिव्यांच्या पुस्तकातून झाली नव्हती. तौलनिक साहित्याच्या एम.ए.ला आम्हांला दान्ते होता. त्याच्या 'पुर्गातोरिओ'च्या चोविसाव्या सर्गात लुक्का गावचा एक जुना कवी दान्तेला भेटतो आणि त्याच्या पिढीच्या कवितेला 'गोड नवी शैली' म्हणतो. त्यातले 'स्तिल नोवो' हे दोन शब्द मी परीक्षेसाठी घोकले होते. पुढं कधीतरी एका इटालियन मासिकात त्याच नावाचा दिवा दिसला, आणि युद्धानंतरच्या मिलानमध्ये पितळ वाकवणाऱ्या माणसाला तेराव्या शतकातली कविता आठवावी याचं मला इतकं नवल वाटलं की मी त्या काळातले दिवे शोधून शोधून बघू लागले. म्हणजे त्या गल्लीत चाचांपेक्षा मला जे जास्त ठाऊक होतं ते मला दान्तेनं दिलं होतं. त्याच जातीचे दिवे युरोपातल्या लिलावांत हजार युरोच्या आसपास जातात, हेही मला ठाऊक होतं. मी दिवा पिशवीत घातला आणि रिक्षा केली.

आता कुणी म्हणेल, यात चुकलं काय? त्यांनी पितळ विकलं, मी पितळेचे पैसे दिले. त्यांना धातू कळतो, मला नाव कळतं; त्यांनी त्यांचं ज्ञान वापरलं, मी माझं. क्रोमखाली पितळ आहे हे त्यांनी ओळखलं नसतं तर मला लोखंडाच्या भावानं मिळाला असता, आणि मग 'चाचा, आत पितळ आहे हो' असं मी सांगितलं असतं का? पण एक फरक उरतो, आणि तो मला त्या रात्रीही टोचला. त्यांनी त्यांचं ज्ञान माझ्यासमोर वापरलं. ओरखडा काढून मला रंग दाखवला. मी मात्र लेबल वाचून दिवा पुन्हा उभा केला, लेबल खाली येईल असा.

हा प्रश्न जुना आहे. सिसरोनं इ.स.पू. 44मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर जे पुस्तक लिहिलं त्यात दुष्काळातल्या ऱ्होड्स बेटाची गोष्ट येते. अलेक्झांड्रियाहून धान्याचं जहाज घेऊन एक व्यापारी येतो. मागून आणखी जहाजं येताहेत हे त्याला माहीत आहे, बेटावरच्या लोकांना नाही. त्यानं सांगावं का? दोन स्टोइक तत्त्वज्ञ यावर भांडतात. बॅबिलोनचा डायोजेनिस म्हणतो, न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, सांगायलाच हवं. सिसरो शिष्याच्या बाजूनं. पण त्याच पुस्तकात पुढं गिऱ्हाइकाची गोष्ट आहे आणि ती मला जास्त लागते. क्विंटस स्कायव्होला एक जमीन घ्यायला जातो, मालकाला एकच नेमकी किंमत सांगायला लावतो, आणि ऐकून म्हणतो, माझ्या मते ती याहून जास्त किमतीची आहे. वर एक लाख सेस्टर्स देतो. सिसरोची टिप्पणी अशी की हा माणूस सज्जन होता हे सगळे मान्य करतात, शहाणा होता हे कुणी म्हणत नाही. ऑगस्टीननंही आपल्या ओळखीतल्या एकाबद्दल लिहून ठेवलंय: त्याच्याकडे कुणी एक हस्तलिखित विकायला आणलं, विकणाऱ्याला त्याचं मोल ठाऊक नव्हतं, तर यानं होऊन योग्य किंमत दिली आणि विकणारा चकित झाला. दोन्ही गोष्टी सांगून ठेवाव्याशा वाटल्या, यातच काय ते आलं. सगळेच असं वागत असते तर कोण कशाला लिहून ठेवणार?

कायद्याला सज्जनांची गरज नसते. 1815 साली न्यू ऑर्लिन्समध्ये ऑर्गन नावाच्या व्यापाऱ्यानं तंबाखूची 111 पिंपं घेतली. ब्रिटनशी तह झाल्याची बातमी त्याला पहाटेच कळली होती. बंदराची नाकेबंदी उठणार, भाव चढणार. विकणाऱ्यानं विचारलंसुद्धा, भावावर परिणाम होईल अशी काही बातमी आहे का? ऑर्गन गप्प राहिला. तंबाखू तीस ते पन्नास टक्क्यांनी महागली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि 1817 साली मुख्य न्यायाधीश मार्शल यांनी म्हटलं की बाहेरची बातमी सांगायला गिऱ्हाईक बांधील नाही. मात्र समोरच्याची फसगत होईल असं त्यानं काही बोलू किंवा करू नये. दिवा पुन्हा उभा करणं हे 'करणं' आहे की नाही, यावर मी बरेच दिवस स्वतःशी वकिली केली.

आपल्याकडे शांतिपर्वात तुलाधार आहे. जटांमध्ये पाखरांनी घरटं करेपर्यंत निश्चल उभा राहिलेला जाजली तपाचा गर्व घेऊन त्याच्याकडे वाराणसीला येतो, आणि हा किरकोळ व्यापारी त्याला सांगतो की माझा तराजू सर्वांना सारखा आहे. लहानपणापासून मला ही गोष्ट आवडते. पण चाचांचा तराजूही सारखाच होता. आमच्यात जे विषम होतं ते पारड्यात मावणारं नव्हतं.

मराठीत 'मोड' हा शब्द आहे. जुनं भांडं तांबटाला द्यायचं, तो घट धरून धातूच्या वजनाचे पैसे लावायचा. घडणावळ, पोचे, कोरलेलं नाव, यांचं मोल शून्य. माझ्या आईनं घरातली पितळी घंगाळं, घागरी, पराती अशाच मोडीत घातल्या आणि स्टेनलेस स्टीलचा संसार मांडला. कल्हईची कटकट गेली, चिंचेनं घासणं गेलं, ती खूश होती. आज तसली घंगाळं हॉटेलांच्या दारात पाणी आणि झेंडूच्या पाकळ्या भरून ठेवलेली दिसतात. तांबटानं आईला फसवलं होतं का? नाही, त्यालाही ते धातूच वाटत होतं. दोघांचं अज्ञान सारखं होतं, म्हणून सौदा स्वच्छ होता. एकाला कळायला लागलं की मोडीचा भाव बिघडतो.

याचं मोठं उदाहरण चंदीगड. पिएर जॉनरे यांच्या देखरेखीखाली तिथल्या कचेऱ्यांसाठी बनलेल्या सागवान आणि वेताच्या खुर्च्या पुढं मोडक्या म्हणून गच्च्यांवर ढीग लावून पडल्या आणि सरकारी लिलावांत भंगार म्हणून निघाल्या. परदेशी विक्रेत्यांनी त्या घेतल्या, दुरुस्त केल्या, आणि पॅरिस-न्यूयॉर्कच्या लिलावांत त्यांना डोळे फिरवणाऱ्या किमती आल्या. आपला 1972चा पुरावस्तू कायदा साधारण शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागतो, त्यामुळे या खुर्च्या त्यात बसत नव्हत्या. 2011 साली केंद्रीय गृहमंत्रालयानं या फर्निचरची विक्री थांबवण्याचा आदेश काढला. विक्रेत्यांचं म्हणणं असं की आम्ही नसतो तर या खुर्च्या सरपणाला गेल्या असत्या. ते खोटंही नाही. माझंही तेच म्हणणं होतं: मी नसते तर दिवा भट्टीत गेला असता. पण वाचवलं म्हणून मी विकत घ्यावं एवढंच त्यातून सिद्ध होतं. गप्प का बसावं, ते नाही.

गप्प बसण्याची दुसरी बाजू मी भोगलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका प्रकाशकासाठी बंगालीतून एक कादंबरी मराठीत आणली. तीस हजार रुपये एकरकमी, पुढचे सगळे हक्क त्यांचे. सही करताना मी विचारलं होतं, आवृत्ती छोटीच असेल ना? ते हसले, म्हणाले, बघू या. पुस्तक अभ्यासक्रमाला लागणार हे त्यांना तेव्हाच कळलेलं होतं. मला ते वर्षभरानं, तिसऱ्या छपाईच्या वेळी कळलं. खोटं ते काहीच बोलले नव्हते. भाषांतराचा हिशेबही शब्दांवर होतो, म्हणजे जवळपास वजनावरच. मी तेव्हा जे जे बोलले, ज्या मैत्रिणींपाशी बोलले, ते सगळं मला या नऊशे रुपयांच्या दिव्यासमोर बसून आठवत राहिलं.

दिवा मी दुरुस्त करून घेतला. वायर नवी, होल्डर नवा. क्रोम पुन्हा चढवून द्यायला कारागीर तयार होता. मी नको म्हटलं. क्रोमचा थर मायक्रॉनभरही नसतो, खाली निकेल, त्याखाली पितळ, आणि सगळी चकाकी या पापुद्र्याची. दांडीच्या वाकाशी एक केसासारखी चीर होती. पितळ वाकवताना त्यात जो ताण राहून जातो तो वर्षांनी अशा चिरांतून बाहेर येतो. इंग्रजांच्या फौजेला हे हिंदुस्थानातच कळलं: पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी तडकायची, आणि कारण होतं घोड्यांच्या मुतातला अमोनिया. हे कोडं पुरतं उलगडायला 1921 उजाडलं. चाचांच्या कानशीचा ओरखडा मी तसाच ठेवला. दिवा लावला की तेवढी एक रेघ पिवळी दिसते.

चौदा महिन्यांनी मी त्यांच्याकडे गेले. मधल्या काळात त्यांच्याकडून आणखी सहा दिवे घेतले होते, हे सांगायला हवं. किती द्यावेत याचा हिशेब मांडला तर प्रत्येक वजाबाकी माझ्याच सोयीची निघाली: लिलावाचं कमिशन वजा, पाठवणावळ वजा, दुरुस्ती वजा, आणि मी विकलाच कुठंय हेही वजा. शेवटी दहा हजार पाकिटात घातले. स्कायव्होलाला हे सोपं गेलं असणार, त्यानं विचार तिथल्या तिथं केला.

चाचांनी ऐकून घेतलं. "बेच दिया?" नाही म्हटल्यावर ते बुचकळ्यात पडले, विकला नाही तर नफा कसला? मग त्यांनी पैसे मोजले, खिशात ठेवले. मी मनातल्या मनात त्यांना नको-नको म्हणताना पाहिलं होतं, तसं काही झालं नाही. त्यांनी शांतपणे विचारलं, "और बाकी छह?"

मी सांगितलं: चार मुंबईत बनलेले, परदेशी नमुन्यावरून केलेले, साधे. एक डॅनिश वाटतो, पण खात्री नाही. एक गाडीचा हेडलाइट वापरून कुणीतरी घरीच जोडलेला. हा शेवटचा मी तर हौसेनं घेतला होता, कारण 1962 साली कास्तिल्योनी बंधूंनी मिलानमध्ये असाच दिवा केला: वर गाडीचा हेडलाइट, बुडाला उघडा ट्रान्सफॉर्मर, वायर सांभाळायला मासेमारीच्या गळाच्या कड्या. मल्लिकबाजारात जे ढिगानं पडलेलं असतं तेच. हे सगळं मी उत्साहानं सांगत सुटले आणि चाचा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांच्या दृष्टीनं सहाच्या सहा इटलीचे होते आणि मी आता किंमत पाडत होते. मराठीत याला पितळ उघडं पडणं म्हणतात, आणि ते माझं पडलं होतं. एक खरं सांगितल्यानं त्याआधीचं माझं सगळं गप्प बसणं त्यांना एकदम दिसलं.

तेव्हापासून तिथं वजन होत नाही. मी कशाकडे जरा जास्त वेळ बघितलं की त्याची किंमत पाच हजार होते. दोन चांगल्या वस्तू त्यांनी दिल्लीच्या विक्रेत्याला फोटो पाठवून चांगल्या भावानं विकल्या. त्या मला परवडल्या नसत्या. ठीकच झालं, असं मी म्हणते, आणि मनापासून वाटत नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी एक क्रोमचा दिवा काढून समोर ठेवला. "इटली?" मी उलटा केला, बूड बघितलं, सांधे बघितले. साधा, हल्लीचा, आत पितळही नव्हतं. "नहीं चाचा," मी म्हटलं, "किलो के भाव दे दीजिए."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फडक्यानं तो पुसला आणि जपून वरच्या फळीवर ठेवला.