प्रेक्षकाचे पुण्य

दुबलगुंडीहून हुमनाबादच्या वीरभद्रेश्वराच्या जत्रेस निघालेल्या भाविकांत केवळ मौजेखातर मिसळलेला परमुलखीचा पाहुणा त्या उपासनेत उपराच ठरतो काय, हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही. इटलीतील सिएना नगरीत २ जुलै व १६ ऑगस्ट रोजी होणाऱ्या पालिओच्या शर्यतीपूर्वी घोड्यालाच प्रार्थनामंदिरात नेऊन आशीर्वाद देतात, आणि त्याने तेथे लीद टाकलीच तर तो शुभशकुन समजतात. तेव्हा पूजा कोठे संपली नि क्रीडा कोठे सुरू झाली, याचा पंचनामा कोणी करावा? हुमनाबादेजवळच्या आमच्या माणिकनगरात, जेथे संत माणिकप्रभूंनी १८६५ साली समाधी घेतली, त्यांच्या सकलमत संप्रदायाने कोणत्याच मताचा अव्हेर केला नाही. तेथील दत्तजयंतीच्या दरबारात गवयाचे गाणे हीच सेवा, मग समेवर नकळत मान डोलावणाऱ्या श्रोत्याकडे भक्तीचा दाखला मागण्याचा अखत्यार, शास्त्रीमंडळींची क्षमा मागून विचारतो, कोणास पोहोचतो?